ऊन काय, सोलापुरातही आहे!

प्रवासाला गेलेल्या माणसानं आत बसू नये, असा एक अलिखित कायदा आपल्याकडे आहे. अलिखित आहे म्हणूनच तो इतका कडक पाळला जातो. लिहिलेल्या कायद्यांचं आपण काय करतो ते कुठल्याही चौकातल्या सिग्नलपाशी पाच मिनिटं उभं राहून पाहावं. महाबळेश्वरला गेलेल्या माणसानं सगळे पॉइंट पाहिलेच पाहिजेत. समोर धुक्याशिवाय काही दिसत नसलं, तरी कठड्याला पोट टेकवून त्यानं ते धुकं पाहिलं पाहिजे आणि परत आल्यावर ‘काय व्ह्यू होता!’ असं म्हटलं पाहिजे. त्याच न्यायानं वाळवंटात गेलेल्या माणसानं वाळू पाहिली पाहिजे, उंटावर बसलं पाहिजे आणि संध्याकाळी सूर्य मावळतो की नाही याची जातीनं खात्री करून घेतली पाहिजे.

या कायद्याविरुद्ध मी आज लेखी तक्रार दाखल करतो आहे. मजकूर थोडक्यात असा : उन्हाळ्यात वाळवंटातल्या गावी गेलेल्या शहाण्या माणसानं सकाळचे दोन तास सोडले, तर आत बसावं. कारण त्या गावात पाहण्यासारखं जे आहे ते आत आहे. बाहेर आहे ते ऊन. आणि ऊन काय, सोलापुरातही आहे!

आता तुम्ही विचाराल, की मुळात उन्हाळ्यात वाळवंटात जावंच कशाला? हा प्रश्न विचारणारा माणूस बँकेत नोकरीला नसतो. आमचा प्रवास आवडीनं ठरत नाही, ब्लॉकनं ठरतो. एल. एफ. सी. नावाची एक सवलत आम्हाला असते. ती मोडून पैसेही घेता येतात. पण तसं घरात बोलून दाखवणाऱ्या कारकुनाला पुढचा ब्लॉक सुखाचा जात नाही. मार्च क्लोजिंगमध्ये रजा मागणं म्हणजे युद्धावर असताना लग्नाची रजा मागणं. एप्रिलमध्ये मुलांच्या परीक्षा, जूनमध्ये शाळा. उरतो तो मे. त्या मे महिन्यात थंड हवेच्या ठिकाणी ज्यांना जागा मिळते त्यांची नावं आदल्या दिवाळीतच लिहिली गेलेली असतात. बाकीच्यांनी जिथे जागा शिल्लक असेल तिथे जायचं.

जैसलमेरला मे महिन्यात जागा शिल्लक असते. साधी जागा नव्हे, अख्खी हॉटेलं शिल्लक असतात. आणि ‘ऑफ सीझन, निम्मा दर’ हे शब्द कानावर पडल्यावर जागचा हलत नाही तो कॉमर्सचा पदवीधर नव्हे. आमच्या हेड कॅशियरांनी मात्र तोंडात बोट घातलं. त्याच मुलुखातल्या फलोदी गावात १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सियसची नोंद झाली होती, हे त्यांनी मला मोबाईलवर काढून दाखवलं. मी म्हटलं, ‘साहेब, त्रेचाळीस आपल्याकडेच असतात. वरचे सात-आठ अंश म्हणजे फक्त व्याज.’

तर आम्ही गेलो. आणि गेल्यावर आमच्या हातात टूरचा छापील कार्यक्रम पडला. तो कागद मी जपून ठेवला आहे, कारण माझ्या तक्रारीतला तो मुख्य पुरावा आहे. त्यात सम इथल्या वाळूच्या टेकड्यांना अर्धा दिवस दिला होता. उंटाला दीड तास. सूर्यास्ताला पाऊण तास. (सूर्याला स्वतःला मावळायला एवढा वेळ लागत नाही.) आणि खाली बारीक टायपात छापलं होतं : ‘पटवों की हवेली, नथमल हवेली, सालिम सिंह हवेली (बाहेरून).’

वाचकहो, माझं सगळं भांडण त्या एका कंसाशी आहे. बाहेरून! म्हणजे एखाद्याला घरी जेवायला बोलवावं आणि ताट खिडकीतून दाखवून परत पाठवावं, तसला प्रकार. ज्या इमारतींचा जन्मच मुळी बाहेरचं बाहेर ठेवण्यासाठी झाला, त्या माणसानं बाहेर उन्हात उभं राहून पाहायच्या? छत्रीचं सौंदर्य पाहायचं म्हणून कुणी पावसात छत्रीच्या शेजारी उभं राहतं काय?

आमच्या टूरमधली मंडळी दुपारी चार वाजता समला निघाली. चाळीसेक किलोमीटरवर आहे ते. मी गेलो नाही. आमची ही आणि लेकही गेली नाही; पण त्यांनी ते माझ्या तत्त्वासाठी केलं नसून बसचा पत्रा हात लावून पाहिल्यावर केलं, हे नमूद करणं माझं कर्तव्य आहे. मंडळी रात्री परतली ती भाजलेल्या वांग्यासारखी. उंट कसा होता विचारलं, तर एकानं सांगितलं की उंट आधी उठायलाच तयार नव्हता. मला त्या उंटाबद्दल फार आदर वाटला. वाळवंटात जन्म काढलेल्या प्राण्याचं दुपारच्या उन्हाबद्दलचं मत हे तज्ज्ञाचं मत मानलं पाहिजे. उंटवाल्याचं पोट त्यावर आहे, हे मला कळतं. पण उंटवाल्यालाही त्या वेळी सावलीच हवी असते. जायचंच तर पहाटे जावं; वाळू तेव्हाही तिथेच असते आणि सूर्य उगवतानाही साधारण तसाच दिसतो.

आता आत काय आहे ते सांगतो.

आत जाण्याची सुरुवात गल्लीपासून होते. जैसलमेर हे गाव ११५६ साली रावळ जैसल यानं वसवलं. तेव्हापासून तिथल्या माणसाचा मुख्य शत्रू दुपार हाच राहिलेला आहे. बाकीचे शत्रू अधूनमधून यायचे, दुपार रोज येते. त्यामुळे त्या लोकांनी गल्ल्या अशा अरुंद ठेवल्या आणि दोन्ही बाजूंची घरं अशी उंच बांधली, की हे घर त्या घरावर सावली धरतं आणि ते घर ह्याच्यावर. आपल्याकडे शेजारी एकमेकांवर केस धरतात, तिथे सावली धरतात. भर चौकातून तुम्ही अशा एका गल्लीत वळलात, की अंगावरचं कुणीतरी ओझं उतरवून घेतल्यासारखं वाटतं. एक रुपयाची वीज खर्च न होता.

घरांच्या दर्शनी भागावर जे कोरीवकाम आहे, ते पाहून लोक ‘अहाहा’ करतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. पण ती काही फक्त श्रीमंतीची मिरवणूक नव्हे. सपाट भिंतीवर ऊन सपाट पडतं. कोरलेल्या भिंतीवर प्रत्येक फूल, प्रत्येक वेल आणि प्रत्येक महिरप आपापली इवलीशी सावली पाडते. म्हणजे भिंतच स्वतःवर छत्री धरून उभी असते. पुढे काढलेले झरोके खालच्या मजल्यावर सावली टाकतात. झरोक्याची जाळी वारा आत घेते आणि उजेड चाळून घेते. आतल्या बाईला गल्ली दिसते, गल्लीला बाई दिसत नाही, आणि ऊन तर कुणालाच दिसत नाही. एका दगडात तीन पक्षी. आणि दगडही कोरलेला!

पटवों की हवेली ही एक हवेली नाही, शेजारी शेजारी पाच आहेत. गुमानचंद पटवा या गृहस्थानं १८०५ साली कामाला हात घातला आणि पाच मुलांच्या पाच हवेल्या व्हायला पुढे कित्येक वर्षं गेली. (आमच्या सोसायटीच्या पार्किंगचं काम पाहता हा वेग मला योग्य वाटतो.) पटव्यांचा धंदा जरीचा, अफूचा आणि सावकारीचा. म्हणजे एका अर्थी ते आमचे पूर्वज. गावोगाव पेढ्या, हुंड्या, खाती. फरक इतकाच, की त्यांनी व्याजातून हवेल्या बांधल्या आणि आम्ही व्याज भरून टू बीएचके घेतो.

त्यातल्या एका हवेलीत तिकीट काढून आम्ही दुपारी साडेबारा वाजता शिरलो. बाहेर माणूस नव्हता, कुत्रं नव्हतं. आत जाड दगडी भिंतींतून गेलो आणि मधल्या चौकात आलो. हा चौक म्हणजे त्या घराची थंडीची तिजोरी. रात्री आकाशाखाली गार झालेली हवा जड होऊन खाली चौकात उतरते आणि भोवतालच्या खोल्यांत शिरते. भिंती रात्रभर निवतात. सकाळी ऊन वर आलं तरी जाड दगडातून आत पोहोचायला त्याला पार संध्याकाळ होते. आणि संध्याकाळी ते आत पोहोचतं, तोवर घरातली माणसं अंथरूण घेऊन गच्चीवर गेलेली असतात! म्हणजे उष्णतेनं दार वाजवावं आणि आतून उत्तर यावं, ‘साहेब वर गेलेत.’ दिवसा खालच्या खोल्या, रात्री गच्ची. घर एकच, पण माणूस त्यात दिवसातून दोनदा बिऱ्हाड हलवतो. आमच्या बँकेचं बदलीधोरण इतक्या शहाणपणानं कुणी आखलं असतं, तर निम्म्या कर्मचाऱ्यांचे संसार सुखाचे झाले असते.

तिथे एक म्हातारा पहारेकरी भिंतीला टेकून बसला होता. मी आपला पर्यटकाच्या सवयीनं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत भराभर चाललो होतो. तो म्हणाला, ‘बाबूजी, भाग क्यों रहे हो? बाहर धूप में क्या रखा है? बैठिए.’

आजवर मला गाइडांनी ‘चला’, ‘लवकर’, ‘पुढे’, ‘बस सुटेल’ हे सगळं सांगितलं आहे. ‘बैठिए’ असं सांगणारा हा पहिला. आम्ही तिघं त्या फरशीवर बसलो. पंधरा मिनिटांनी लेकीनं मोबाईल खाली ठेवला. अर्ध्या तासानं आमची ही म्हणाली, ‘अहो, इथे वारा कुठून येतोय?’ मी म्हटलं, ‘१८०५ सालातून.’ लग्नानंतर माझ्या विनोदाला ती मनापासून हसल्याचा हा तिसरा प्रसंग. पहिल्या दोन प्रसंगी माझा विनोद करण्याचा हेतू नव्हता.

नथमल हवेली १८८५ची. नथमल हे दिवाण. हाथी आणि लालू या दोघा भावांनी ती घडवली. एकानं उजवी बाजू, दुसऱ्यानं डावी, असं सांगतात. दोन्ही बाजू पहिल्या नजरेला अगदी सारख्या. पण नीट पाहू लागलात की फूल वेगळं, वेल वेगळी, नक्षी वेगळी. म्हणजे एकूण जमतं, पण नोंदी जुळत नाहीत. आमच्या ऑडिटरनं त्या दोघांना रात्री अकरापर्यंत बसवून घेतलं असतं.

सालिम सिंह या दुसऱ्या दिवाणाची हवेली त्याआधीची, १८१५च्या सुमाराची. खाली अरुंद आणि वर फुगत गेलेली, मोरांच्या कोरीव घोड्यांवर तोललेली. या माणसाबद्दल गावात चांगलं बोलणारं कुणी भेटत नाही. कुलधरा नावाचं जे गाव ओस पडलं, ते याच्याच जाचामुळे, असं लोक सांगतात; काही अभ्यासक मात्र आटत गेलेल्या पाण्याकडे बोट दाखवतात. त्या ओसाड गावात सध्या पर्यटकांना भूत दाखवण्याची सोय आहे. ती जागा उघड्यावर असल्यामुळे मी गेलो नाही. दुपारी दोन वाजता तिथे भुतंही नसतील.

या सगळ्या बांधकामातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. त्या कारागिरांनी दगड असे घडवले, की एकाची खाच दुसऱ्यात अचूक बसावी. कुठे लोखंडी पट्टीनं बांधून घेतले. चुना कालवायला पाणी लागतं, आणि पाणी तर प्यायलाही मोजून. तेव्हा चुन्याचं काम हातावर सोपवलं. पाण्याची तंगी त्यांनी अर्ज-विनंत्यांत मांडली नाही, नकाशात मांडली. आणखी एक फायदा असा, की दगड सुटे करून घर दुसरीकडे उभं करता येतं. बदलीच्या नोकरीतल्या माणसाला याहून सोयीचं घर कुठलं?

आणि ज्याला याहूनही आत जायचं असेल, त्यानं किल्ल्यातल्या जैन मंदिरांत सकाळी जावं. कमरेचा चामडी पट्टा बाहेर काढून ठेवावा लागतो. पोट असलेल्या माणसाला त्याची अडचण होत नाही. या मंदिरांच्या पोटात, तळघरात, ज्ञानभांडार आहे. ताडपत्रावरच्या पोथ्या, काही नऊशे वर्षांहून जुन्या. जिनभद्रसूरी या आचार्यांनी पंधराव्या शतकात हे भांडार उभारलं. आपल्याकडे पावसाळ्यात व्हाउचरच्या गठ्ठ्याला दोन वर्षांत बुरशी येते. तिथे ताडाचं पान नऊ शतकं टिकलं, कारण ते आत होतं, खाली होतं, कोरड्यात होतं आणि कुणीतरी ते सांभाळत होतं. वाळवंटातलं सगळ्यात मौल्यवान ते वाळवंटानं तळघरात ठेवलं. आणि आम्ही पाहायला जातो वाळू!

इथे आमचे हेड कॅशियर मला मध्येच अडवतात. ‘काय राव, एवढ्या लांब जाऊन आत बसून आलाव व्हय? ए. सी. लावून घरीच बसायचं होतं की!’ हा आक्षेप मी नीट विचारात घेतो, कारण त्यांच्या घरात तीन ए. सी. आहेत.

ए. सी. हे यंत्र खोली गार करत नाही. खोलीतली उष्णता उचलून दुसऱ्याच्या अंगावर टाकतं. आमच्या भाषेत सांगायचं तर ही ट्रान्सफर एंट्री आहे. एका खात्यातून कमी केलं, दुसऱ्या खात्यात टाकलं, वर यंत्राची विजेची हमाली. रुंद रस्त्यावर ते खपून जातं. पण जैसलमेरच्या हातभर गल्लीत, जिथे आठशे वर्षं घरं एकमेकांना सावली देत आली, तिथे हल्ली डोक्यावर ए. सी.ची बाहेरची खोकी घरघरतात आणि गरम वाफा चालणाऱ्याच्या तोंडावर सोडतात. बाहेर जितकं तापतं तितके आतले ए. सी. वाढतात, आणि जितके ए. सी. वाढतात तितकं बाहेर तापतं. याला आम्ही चक्रवाढ व्याज म्हणतो.

आणि हे काही राजस्थानातल्या लोकांनाच जमत होतं असं नाही. आमच्या सोलापुराकडे, सगळ्या मराठवाड्यात, माळवदाची घरं होती. दगडामातीच्या हातभर जाडीच्या भिंती, लाकडाच्या तुळया, त्यावर पाटया-काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. जैसलमेरच्या जुन्या छतांची रीतही तीच : लाकडी तुळया, त्यावर गवताची चटई आणि वर माती. हजारेक किलोमीटर अंतरावरच्या दोन गवंड्यांनी एकमेकांना न विचारता एकच उत्तर लिहिलं. परीक्षेत याला कॉपी म्हणतात, इथे याला अक्कल म्हणावं लागेल. माझ्या आजोळच्या माळवदाखाली दुपारी घोंगडीवर पडलं, की झोप लागायला पंखा लागत नसे. ते माळवद पाडून मामांनी स्लॅब टाकला. आता मे महिन्यात संध्याकाळी मामा त्या स्लॅबवर पाइपनं पाणी मारतात, आणि स्लॅब तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्र करतो. माळवदाला दरवर्षी माती लागे, डागडुजी लागे, पावसात गळेही. ते मी लपवत नाही. पण त्यातलं ‘कसं’ होतं ते पाडण्याआधी कुणी उतरवून घेतलं नाही. पासबुक न छापताच खातं बंद केलं.

तेव्हा आतलं पाहायला जा असं मी म्हणतो, ते थंडगार पडून राहण्यासाठी नव्हे. तिथे अजून ते ‘कसं’ उभं आहे. हात लावून पाहता येतं. फार वर्षं पाहता येईल की नाही, याची मात्र हमी नाही. आणि माझ्या तक्रारीचा खरा मुद्दा इथे आहे.

जैसलमेरचा किल्ला हा राहता किल्ला आहे. ९९ बुरुजांच्या आत काही हजार माणसं संसार करतात. (शंभराला एक कमी! आमचा कॅशियर तो सापडेपर्यंत घरी गेला नसता.) पिवळ्या दगडाचा हा किल्ला सत्यजित राय यांच्या १९७४ सालच्या ‘सोनार केल्ला’मुळे बंगालच्या घराघरांत पोहोचला, आणि २०१३ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. पण त्याच्या कितीतरी आधी, १९९६ साली, वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं त्याला दुसऱ्याच एका यादीत घातलं होतं. धोक्यात असलेल्या वास्तूंच्या.

धोका कशाचा? तोफांचा नाही, वादळाचा नाही. पाण्याचा! ज्या गावात पाणी नाही म्हणून चुनासुद्धा वापरला नाही, त्या गावचा किल्ला पाण्यानं खचतो आहे. ती टेकडी आपल्या सह्याद्रीसारखी काळ्या कातळाची नाही. गाळाच्या मऊ थरांची आहे. गडीसर तलावातून बायका डोक्यावर घडे वाहून आणत होत्या, तोवर घड्यातला थेंबही वाया जात नव्हता. पाणी वर चढायला माणसाची मान लागत असे. मग नळ आले. ते यायलाच हवे होते. त्या बायकांच्या मानेला विचारा. नळांपाठोपाठ आम्ही आलो. किल्ल्यातल्या घरांची हॉटेलं झाली, खोलीला लागून न्हाणीघर झालं, शॉवर आला, कमोड आला. हे पाणी जायला ज्या मोऱ्या होत्या त्या घड्यांच्या हिशेबाच्या. उरलेलं पाणी झिरपून टेकडीच्या पोटात गेलं. खालची माती फुगली, सरकली. बुरूज ढासळले, माणसंही दगावली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये जोराच्या पावसात तटबंदीचा एक भाग कोसळला.

यात किल्ल्यातल्या माणसाला दोष देऊन हात झटकू नका. त्याच्या पूर्वजांचा व्यापार उंटांच्या तांड्यांवर चालायचा. आपलं मुंबई बंदर वाढलं, माल समुद्रानं जाऊ लागला आणि तांडे थांबले. पुढे १९४७ साली सीमा आली, उरलेल्या वाटाही बंद झाल्या. मग त्याच्याकडे विकायला राहिलं काय? घर! त्यानं ते भाड्यानं दिलं. गिऱ्हाईक आम्ही. ‘किल्ल्यातच राहायचं, ए. सी. पाहिजे, चोवीस तास गरम पाणी पाहिजे’ ही मागणी आमची. मे महिन्यात, जैसलमेरमध्ये, गरम पाणी! त्या गावात गार पाणी मिळवायला खटपट लागते.

म्हणजे हिशेब असा होतो. ज्या सावलीच्या जिवावर ते गाव आठशे वर्षं टिकलं, ती सावली आम्ही बाहेरून पाहतो, कंसात. आत जातो ते फक्त न्हाणीघरात. आणि तिथे जेवढं पाणी ओततो, तेवढा तो किल्ला आमच्या नावे खर्ची पडतो. कुठल्याही बँकेत हा व्यवहार बुडीत खात्यात गेला असता.

तेव्हा माझ्या मागण्या तीन. संप करण्याइतक्या मोठ्या नाहीत.

एक : टूरच्या छापील कागदावरचा ‘(बाहेरून)’ हा कंस सन्मानपूर्वक निवृत्त करण्यात यावा. दुपारी बारा ते चार हा वेळ हवेल्यांच्या आत देण्यात यावा, तिकिटाचे पैसे टूरच्या खर्चात धरण्यात यावेत आणि ‘बैठिए’ म्हणणाऱ्या माणसाला चहा पाजण्यात यावा. सूर्यास्त ऐच्छिक असावा. आमच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठावरूनही तो दिसतो आणि उंट लागत नाही.

दोन : राहावं ते किल्ल्याच्या खाली, गावात. किल्ला वर उभा आहे, तो खालून जास्त चांगला दिसतो. त्याच्या डोक्यावर बसून तो दिसत नाही. किल्ल्यात दिवसा जा, खरेदी करा, जेवा. केर-सांगरीची भाजी खा. वाळवून ठेवलेल्या शेंगा-फळांची ती भाजी, भाजीचा मळा नसलेल्या मुलुखातली. पैसे तिथल्या माणसाच्या हातात द्या. आंघोळ मात्र खाली येऊन करा.

तीन : ती आंघोळ एका बादलीत करा. सोलापूरकरांना हे सांगावं लागत नाही. नळाचा वार कधी याची घरोघर चौकशी करण्यात आमच्या पिढ्या गेल्या. बादलीचं मोल आम्हाला चांगलं ठाऊक आहे. इतरांनी तिथे जाऊन ते शिकावं. आमच्या टूरमधले एक गृहस्थ, गावी दोन तांबे पाण्यात आवरणारे, हॉटेलात तीनदा शॉवर घेत होते. कारण विचारलं तर म्हणाले, ‘पैसे भरलेत ना!’ पैसे पाण्याचे भरलेले नसतात हो. खोलीचे भरलेले असतात.

एवढं केलंत, की पुढच्या ब्लॉकला जैसलमेरला बेलाशक जा. मे महिन्यात गेलात तरी चालेल. भर दुपारी त्या अरुंद गल्लीत वळा. हवेलीच्या उंबऱ्याशी चपला काढा. भिंतीला पाठ लावा, फरशीला पाय टेका आणि दहा मिनिटं काही बोलू नका. बायको वारा कुठून येतो म्हणून विचारील. उत्तर मी वर दिलेलं आहे. खुशाल आपलं म्हणून सांगा.